चित्र दिसावे की चिन्ह?
(शाळेच्या संगणकातील चित्रांच्या मांडणीविषयी प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



सोलापूर जिल्ह्यातील अनेक प्राथमिक शाळांत आज संगणक आहे, कोठे प्रोजेक्टर आहे, आणि मोबाईल तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे. या साधनांबरोबर शाळेत चित्रांची मोठी रास येऊन पडली आहे. सहलीची छायाचित्रे, वृक्षारोपण, शालेय पोषण आहाराची पंगत, बालसभा, परिसर अभ्यासाची चित्रे, आणि त्यांच्याच शेजारी मुलांचे जन्मदाखले, आधारपत्रे, बँकेच्या पासबुकाची पाने व जातीचे दाखले. एके काळी भिंतीवरचा तक्ता आणि कपाटातले दप्तर या दोन वेगळ्या जागा होत्या. संगणकात त्या दोन्ही एकाच फोल्डरमध्ये येऊन बसल्या आहेत.

असा फोल्डर उघडला म्हणजे पडद्यावर काय दिसावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रत्येक फायलीचे छोटे चित्र दिसावे, की फाईल चित्राची आहे एवढे सांगणारे एक ठरावीक चिन्ह दिसावे? प्रथमदर्शनी हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्याशी मुलाचे वाचन, शिक्षकाचा वेळ आणि मुलाच्या घरची अब्रू या तिन्ही गोष्टी निगडित आहेत. म्हणून या बाबतीतला निर्णय यंत्रावर न सोपवता शिक्षकाने विचारपूर्वक घेणे इष्ट आहे.

चिन्ह आणि लघुचित्र

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. चिन्ह, म्हणजे ज्याला सर्वत्र आयकॉन म्हणतात ते, फायलीची जात सांगते. डोंगर आणि सूर्य रेखाटलेली लहानशी चौकट दिसली की ती चित्राची फाईल होय, एवढेच त्यावरून समजते. आत उजनी जलाशयावरचा रोहित पक्षी आहे की पंढरपूरचा घाट आहे, हे चिन्हावरून कळत नाही. लघुचित्र, म्हणजे थंबनेल, हे मात्र मूळ चित्राचीच आकाराने कमी केलेली प्रत असते. इंग्रजीतील या शब्दाचा अर्थच अंगठ्याचे नख असा आहे. चिन्ह हे कपाटावर लावलेल्या चिठ्ठीसारखे आहे, तर लघुचित्र हे कपाटाला बसवलेल्या काचेसारखे आहे. काच कोणत्या कपाटाला असावी आणि कोणत्या कपाटाला नसावी, हे ज्या शिक्षकाला उमगले त्याला या भाषणातील निम्मा भाग उमगला असे समजण्यास हरकत नाही.

संगणकावरील चिन्हांचा इतिहास फार जुना नाही. डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ या संशोधकाने १९७५ साली आपल्या प्रबंधात ही कल्पना मांडली. १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकाच्या पडद्यावर कागद, फोल्डर व पेटी यांची चिन्हे दिसू लागली. १९८४ साली ‘मॅकिंटॉश’ संगणक आला. त्याची चिन्हे सुझन केअर या चित्रकर्तीने चौकटींच्या कागदावर रेखाटली होती. आडव्या बत्तीस आणि उभ्या बत्तीस अशा १०२४ चौकटींपैकी काही काळ्या करायच्या आणि काही कोऱ्या ठेवायच्या, एवढ्या सामग्रीत एकेक वस्तू उभी करायची होती.

सोलापूरकरांना ही रीत परकी वाटू नये. सोलापुरी चादरीवर जकार्ड मागाने जी नक्षी उमटते तीही आधी चौकटींच्या कागदावरच उतरवली जाते. कागदावरची चौकट तेथे धाग्याची जागा ठरवते आणि पडद्यावर प्रकाशबिंदूची. गणिताच्या चौकटींच्या वहीत मुलांकडून बत्तीस बाय बत्तीसचे एखादे चिन्ह काढवून घेतले, तर चित्र म्हणजे बिंदूंचा हिशेब असतो हे त्यांना निराळे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय क्षेत्रफळाचा धडाही त्यातच उरकतो.

लघुचित्र तयार कसे होते

आजच्या साध्या मोबाईलचे छायाचित्रही ४००० बाय ३००० बिंदूंचे, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचे असू शकते. त्याचे २५६ बाय १९२ बिंदूंचे लघुचित्र केले तर त्यात ४९,१५२ बिंदू राहतात. म्हणजे मूळ चित्रात लघुचित्राच्या सुमारे २४४ पट बिंदू असतात. हे लहान रूप सिद्ध करण्यासाठी यंत्राला पुष्कळदा मूळ फाईल वाचावी लागते. ३०० छायाचित्रे प्रत्येकी ४ मेगाबाइटची असली तर ती १,२०० मेगाबाइट होतात. पेन ड्राईव्हवरून दर सेकंदाला २० मेगाबाइट वाचले जातात असे धरले, तरी नुसत्या वाचनालाच पूर्ण एक मिनिट लागते. फोल्डर उघडल्याबरोबर जुना संगणक ‘अडकला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण अनेकदा हेच असते.

प्रत्येक वेळी हा खटाटोप करावा लागू नये म्हणून यंत्र एकदा तयार केलेली लघुचित्रे आपल्याजवळ साठवून ठेवते. त्यामुळे तोच फोल्डर दुसऱ्यांदा लवकर उघडतो. या साठ्याची सोय मोठी आहे. परंतु त्यातच एक धोकाही आहे, त्याचा विचार पुढे येईल.

मांडणी बदलण्याची रीत

विंडोज प्रणालीत फोल्डर उघडल्यावर ‘व्ह्यू’ या शब्दाखाली मांडणीचे प्रकार दिलेले असतात. मध्यम, मोठ्या व अतिमोठ्या आयकॉनच्या मांडणीत लघुचित्रे दिसतात. ‘लिस्ट’ आणि ‘डिटेल्स’ या मांडणीत केवळ चिन्ह आणि नाव दिसते. कळफलकावर कंट्रोल व शिफ्ट या कळा दाबून ठेवून १ दाबला की अतिमोठी चित्रे येतात आणि ६ दाबला की डिटेल्सची यादी येते. या दोन कळा लक्षात ठेवल्या तरी वर्गातील बहुतेक काम भागते. विंडोज प्रत्येक फोल्डरची मांडणी साधारणतः स्मरणात ठेवते. तेव्हा एका फोल्डरला चित्रे व दुसऱ्याला यादी अशी वेगवेगळी योजना करता येते.

संपूर्ण संगणकावरच लघुचित्रे नको असतील तर फोल्डरच्या ‘ऑप्शन्स’ खिडकीत ‘व्ह्यू’ या पानावर ‘ऑल्वेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ अशी एक ओळ असते. तिच्यासमोरील चौकटीत खूण करावी. उलट, चित्रे दिसायला हवी असूनही सर्वत्र चिन्हेच दिसत असतील, तर तेथे ती खूण कोणी करून ठेवली आहे काय हे पाहावे. जुना संगणक वेगाने चालावा म्हणून दुरुस्ती करणारे कारागीरही कधी कधी लघुचित्रे बंद करून ठेवतात.

काही शाळांत उबंटूसारख्या लिनक्स प्रणाली वापरल्या जातात. उबंटूच्या ‘फाईल्स’ या कार्यक्रमातील ‘प्रेफरन्सेस’मध्ये लघुचित्रांसाठी तीन पर्याय मिळतात: केवळ याच संगणकावरील फायलींसाठी, सर्व फायलींसाठी, किंवा कधीही नाही. जाळ्यावरील दुसऱ्या संगणकातून फायली उघडावयाच्या असतील तेथे पहिला पर्याय सोयीचा. मात्र लिनक्समधील काही कार्यक्रमांत यादीच्या मांडणीतही बारीक लघुचित्रे दिसतात. नुसती यादी लावली म्हणजे चित्र झाकले गेले, असे तेथे गृहीत धरू नये.

वाचनाच्या पायऱ्या

आता मांडणीच्या शैक्षणिक बाजूकडे वळणे योग्य होईल. पहिलीतील मुलाला अक्षरओळख नसते, पण चित्र त्याला वाचता येते. चित्रवाचन ही वाचनाची पहिली पायरी होय, हे प्रत्येक प्रशिक्षित शिक्षकाला ठाऊक आहे. प्राणी, पक्षी, फळे, वाहने यांच्या चित्रांचा फोल्डर अतिमोठ्या मांडणीत उघडून ठेवला, तर पहिलीचे मूल स्वतः चित्र निवडते, टिचकी मारते आणि त्याविषयी बोलू लागते. तेथे केवळ चिन्हांची रांग लावून ठेवणे म्हणजे मुलापुढे मिटलेले पुस्तक ठेवण्यासारखे आहे.

तथापि याच मांडणीत मुलाला चौथीपर्यंत ठेवणे हिताचे नाही. चित्र दिसत असताना नाव वाचण्याची गरजच उरत नाही आणि गरज नसलेले वाचन मूल करीत नाही. म्हणून दुसरीत चित्रे मध्यम आकाराची करावीत आणि त्यांच्याखालील नाव ठळक, शुद्ध व देवनागरीत असावे. चित्र पाहून नाव वाचावे आणि नाव वाचून चित्राशी ताडून पाहावे, असा खेळ घ्यावा. तिसरीत त्याच फोल्डरला यादीची मांडणी लावावी. आता पडद्यावर केवळ नावे आहेत. ‘माळढोक’ हे नाव वाचून मुलाने फाईल उघडली आणि आत माळढोकच निघाला, तर त्याचे वाचन त्याच क्षणी तपासले जाते. ‘तणमोर’ आणि ‘माळढोक’ यांत घोटाळा झाला तर चूक चित्रच दाखवून देते. शिक्षकाला रागावण्याचे कारण पडत नाही. नान्नजच्या अभयारण्याचे नाव घेणाऱ्या जिल्ह्यातील मुलांना या दोन पक्ष्यांतील फरक या निमित्ताने कळावा हेही उचितच आहे.

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता यावे असे ध्येय ठेवले आहे. त्यासाठी नवे साहित्य विकत घेण्यापूर्वी, हाताशी असलेल्या साहित्याची मांडणी पायरीपायरीने बदलून पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

नावाचे महत्त्व

लघुचित्र दिसते म्हणून फायलीला नाव देण्याचा कंटाळा करणे, ही सर्वत्र आढळणारी सवय आहे. मोबाईल किंवा कॅमेरा जे अक्षरांकांचे नाव देतो तेच वर्षानुवर्षे राहते. अशा फायली दोनशेच्या वर गेल्या की लघुचित्रांचा उपयोग संपतो. कारण पंगतीची पन्नास छायाचित्रे नखाएवढी केली की ती सर्व सारखीच दिसतात.

याचे उत्तम उदाहरण या जिल्ह्यातच सापडते. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे संकेत आले आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या उदाहरणाने प्रेरित होऊन अनेक शिक्षक आपापल्या धड्यांसाठी क्यूआर संकेत तयार करतात व चित्रफायलींच्या रूपाने साठवतात. समजा, एका फोल्डरमध्ये असे चाळीस संकेत आहेत. लघुचित्रे लावली तर पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे चाळीस चौकोन दिसतील आणि माणसाच्या डोळ्याला त्यांतील एकही दुसऱ्याहून निराळा ओळखता येणार नाही. तेथे ओळख पटते ती केवळ नावाने.

नाव देताना तीन गोष्टी पाळाव्यात. आधी वर्ष व महिना, नंतर इयत्ता व विषय, शेवटी चित्रातील वस्तू. ‘२०२५-०७ चौथी परिसर उजनी रोहित’ असे नाव असले की फायली कालक्रमाने आपोआप लागतात आणि ‘रोहित’ एवढा शब्द शोधला तरी फाईल सापडते. दुसरे, अंक एकाच लिपीत असावेत. काही नावांत देवनागरी व काहींत इंग्रजी अंक असले तर क्रम बिघडतो. तिसरे, नाव युनिकोड देवनागरीत टंकलेले असावे, म्हणजे ते दुसऱ्या संगणकावरही वाचता येते.

चिन्ह फसवतेही

चित्राच्या जागी चिन्ह दिसले म्हणून फाईल बिघडली असे मानून ती काढून टाकण्याची घाई कोणी करू नये. कारणे अनेक असू शकतात. आयफोनवर २०१७ पासून ‘एचईआयसी’ हा चित्रप्रकार वापरला जातो; तो वाचणारा जोडभाग संगणकात नसेल तर केवळ चिन्ह दिसते. काही प्रणालींत ठरावीक मर्यादेहून मोठ्या फायलींचे लघुचित्र केले जात नाही. नक्कल पुरी होण्यापूर्वीच पेन ड्राईव्ह काढला तर फाईल अर्धवट राहते आणि तिचेही चित्र उमटत नाही. प्रथम फाईल उघडून पाहावी, तिचा आकार पाहावा आणि मगच निर्णय घ्यावा.

याहून गंभीर गोष्ट अशी की चित्राचे चिन्ह धारण करणारी प्रत्येक फाईल चित्राचीच असते असे नाही. विंडोजमध्ये चालणाऱ्या कार्यक्रमाच्या फायलीला तिचा कर्ता हवे ते चिन्ह देऊ शकतो. शिवाय विंडोज परिचित फायलींच्या नावाचे शेपूट, म्हणजे ‘जेपीजी’, ‘पीएनजी’, ‘ईएक्सई’ ही अखेरची अक्षरे, सहसा लपवून ठेवते. त्यामुळे ‘सहल.जेपीजी.ईएक्सई’ असे नाव असलेला घातक कार्यक्रम पडद्यावर ‘सहल.जेपीजी’ म्हणून मिरवतो आणि शिक्षक त्यावर निःशंकपणे टिचकी मारतो. गावोगाव फिरणाऱ्या पेन ड्राईव्हच्या बाबतीत ही सावधगिरी विशेष आवश्यक आहे. ‘व्ह्यू’मधील ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ ही खूण चालू ठेवावी, म्हणजे नावाचे शेपूट दिसू लागेल. चित्राच्या फायलीला ‘ईएक्सई’ हे शेपूट कधीही नसते, हे सहकाऱ्यांनाही सांगून ठेवावे.

झाकून ठेवावयाची चित्रे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समजा, परिसर अभ्यासाचा तास चालू आहे आणि प्रोजेक्टरवर संगणकाचा पडदा भिंतीएवढा दिसत आहे. शिक्षक किल्ल्याचे चित्र शोधण्यासाठी फोल्डर उघडतात. त्याच फोल्डरमध्ये शिष्यवृत्तीसाठी काढलेली मुलांच्या कागदपत्रांची छायाचित्रे आहेत. क्षणभरात भिंतीवर एका मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र, दुसऱ्याचा जातीचा दाखला आणि तिसऱ्याच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला ओळीने उभा राहतो. शिक्षक लगेच खिडकी बंद करतात. पण चाळीस जोडी डोळ्यांनी जे पाहिले ते बंद करता येत नाही. मधल्या सुटीत त्याची चर्चा होते आणि ज्या मुलाची ती गोष्ट असते ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येण्यास कचरते. येथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. केवळ ज्या कपाटाला लाकडी दार हवे होते, त्याला काच बसली होती.

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे. तथापि कायदा नसता तरीही शिक्षकाचा धर्म बदलला नसता. पालक आपल्या घरातील कागद शाळेच्या हवाली करतो तो शिक्षकावरील विश्वासाने.

याकरिता पुढील गोष्टी कराव्यात. कागदपत्रांचा फोल्डर अध्यापनाच्या फोल्डरपासून संपूर्ण वेगळा असावा आणि त्याला डिटेल्सची मांडणी लावावी. त्या खिडकीच्या कडेला फायलीचा नमुना दाखवणारा ‘प्रिव्ह्यू’चा कप्पा उघडा असेल तर तो बंद करावा. मोठ्या आयकॉनच्या मांडणीत विंडोज फोल्डरच्या चिन्हावरही आतील एखाद्या चित्राची झलक दाखवते. म्हणून ज्या जागी हा फोल्डर ठेवला आहे ती जागाही यादीच्याच मांडणीत असावी. विद्यार्थ्यांसाठी संगणकावर वेगळे खाते उघडावे आणि कार्यालयीन कागदपत्रे शिक्षकाच्या खात्यातील ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवावीत, सर्वांना उघडणाऱ्या दुसऱ्या ड्राईव्हवर ठेवू नयेत. यादीची मांडणी ही दृष्टीआड करण्याची सोय आहे, ती कुलूप नव्हे. वेगळे खाते आणि त्याचा पासवर्ड हेच कुलूप.

मागे ज्या साठ्याचा उल्लेख झाला, त्याचाही येथे विचार करावयास हवा. मूळ फाईल पुसली तरी तिचे लघुचित्र त्या साठ्यात काही काळ राहू शकते. ते सहज दिसत नाही, परंतु जाणकाराला काढता येते. म्हणून संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी किंवा निर्लेखित करण्यापूर्वी हा साठा रिकामा करावा. विंडोजमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘थंबनेल्स’ या ओळीवर खूण केली की तो पुसला जातो. लिनक्समध्ये तो वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरमधील ‘कॅश’ या लपलेल्या फोल्डरात असतो. ‘रिसायकल बिन’ रिकामी करण्यासही विसरू नये. निर्लेखनाच्या वेळी एवढ्यानेही भागत नाही; संपूर्ण डिस्कच जाणकाराकडून पुसून घ्यावी.

करावयाचे काम

एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, तासाभरात हे काम होण्याजोगे आहे. संगणकावर तीन फोल्डर करावेत: पहिला ‘मुलांसाठी’, दुसरा ‘उपक्रम’, तिसरा ‘कार्यालय’. पहिल्यात चित्रे मोठी दिसावीत आणि इयत्तेगणिक त्यांचा आकार कमी होऊन नावे पुढे यावीत. दुसऱ्यात मध्यम लघुचित्रे असावीत आणि प्रत्येक फायलीला वर उल्लेखिलेल्या रीतीने नाव द्यावे. तिसऱ्यात केवळ चिन्हे व नावे असावीत आणि तो मुलांच्या खात्यातून उघडू नये. ही योजना कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवावी, म्हणजे बदलीने नवीन शिक्षक आले तरी तीच व्यवस्था पुढे चालेल. पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने ‘मुलांसाठी’ या फोल्डरमधील वीस नावांची यादी सोबत आणावी. नावे शुद्ध आहेत काय व तिसरीच्या मुलाला ती वाचता येतील काय, हे सर्वांनी मिळून तेथे पाहता येईल.